विरोधाचा परिहार

गेल्या पावसाळ्यांतील गोष्ट. आमच्या शेजारच्या बिऱ्हाडांतील एक मुलगी, येथील पदवी हातीं पडल्यावर, कायद्याच्या शिक्षणासाठीं अमेरिकेस जाण्याच्या तयारीला लागली होती. तिकडील कायद्याच्या विद्यालयांत प्रवेश मिळावा म्हणून एल्‌सॅट नांवाची एक परीक्षा बहुधा द्यावी लागते. १९४८ सालापासून चालत आलेल्या ह्या परीक्षेंत कायद्याचें एकहि कलम विचारीत नाहींत. दिलेल्या विधानांवरून उमेदवार नीट विचार करतो कीं नाहीं, एवढेंच पाहतात. मीं जन्मभर तर्कशास्त्र शिकविण्याचा व्यवसाय केला आहे, हें त्या मुलीला ठाऊक. तेव्हां एके दिवशीं सायंकाळीं ती आपलें प्रश्नांचें पुस्तक घेऊन आली आणि म्हणाली, “काका, बाकीचे प्रश्न सुटतात, पण ह्या विरोधाभासाच्या प्रश्नांपुढें माझी मति गुंग होते.”

विरोधाभास हा शब्द आपल्या परिचयाचा आहे. शाळेंत अलंकार शिकतांना त्याचें लक्षण आपण पाठ केलेलें असतें: वरवर पाहतां विरोध, परंतु अर्थ ध्यानांत येतांच तो विरोध मावळतो. परीक्षेंतील प्रश्नहि ह्याच जातीचे. फरक इतकाच कीं, काव्यांत विरोध मावळला म्हणजे रसिकाला आनंद होतो, आणि परीक्षेंत तो मावळला नाहीं म्हणजे उमेदवाराचा गुण जातो. तिला समजावें म्हणून मीं त्या धर्तीचा एक प्रश्न स्वतःच रचून दिला. तो असा:

एका शहरांत दोन शस्त्रवैद्य आहेत. पहिल्याचें कौशल्य असामान्य आहे, असें त्याचे सर्व समव्यवसायी मानतात. दुसरा साधारण कुवतीचा आहे. असें असूनहि, पहिल्यानें शस्त्रक्रिया केलेल्या रोग्यांत मृत्यूचें प्रमाण दुसऱ्याच्या रोग्यांपेक्षां अधिक आहे. पुढीलपैकीं कोणतें विधान खरें मानल्यास ह्या विरोधाचा सर्वांत चांगला उलगडा होतो? एक, पहिला शस्त्रवैद्य दुसऱ्यापेक्षां अधिक फी घेतो. दोन, पहिल्यानें नामांकित गुरूंच्या हाताखालीं अनेक वर्षें अभ्यास केला आहे. तीन, पहिल्याच्या रुग्णालयांतील उपकरणें अगदीं अद्ययावत् आहेत. चार, पहिल्याच्या रुग्णालयांतील नोंदी विश्वसनीय नाहींत. पांच, इतरांनीं हात टेकलेले अवघड रोगी पहिल्याकडे पाठविले जातात.

तिनें क्षणभर विचार करून चौथ्या पर्यायावर बोट ठेविलें. मीं म्हटलें, “नाहीं. प्रश्नकर्त्यानें दोन्ही गोष्टी खऱ्या म्हणून तुझ्या हातांत दिल्या आहेत. त्यांपैकीं एक खोटी म्हणून फेकून देणें हा उलगडा नव्हे, ती पळवाट आहे.” तिला तें पटलें, पांचवा पर्याय बरोबर हेंहि तिच्या ध्यानांत आलें. परंतु वही मिटतां मिटतां ती म्हणाली, “परीक्षेचें ठीक आहे, काका. पण खऱ्या जगांत नोंदी खरोखरच खोट्या असल्या तर? किंवा नोंदी खऱ्या असून तो नामांकित शस्त्रवैद्यच मुळांत वाईट असला तर? तुमच्या पांचव्या पर्यायानें तो आयताच सुटला कीं!”

ह्या प्रश्नाला त्या सायंकाळीं मला धड उत्तर देतां आलें नाहीं. पुढें कित्येक दिवस तो मनांत घोळत राहिला. जें उत्तर तेव्हां सुचलें नाहीं, तें येथें मांडून पाहण्याचा विचार आहे.

प्रथम ह्या प्रश्नांची घडण पाहूं. त्यांत तीन गोष्टी असतात; दोन उघड आणि एक झांकलेली. वरील प्रश्नांत कौशल्य अधिक ही एक उघड गोष्ट, मृत्यु अधिक ही दुसरी. ह्या दोहोंत वस्तुतः कांहींच भांडण नाहीं. भांडण लागतें तें तिसऱ्या गोष्टीमुळें. आणि ती प्रश्नकर्त्यानें सांगितलेली नसून वाचणारानें आपल्या पदरची घातलेली असते. दोघांकडे येणारे रोगी सारखेच असतात, हें आपण गृहीत धरतों, आणि मग विरोध दिसूं लागतो. तें गृहीत काढून घ्या. दोन्ही विधानें एकमेकांशेजारीं शांतपणें बसतात. विरोध वस्तूंत नव्हता, आपल्या समजुतींत होता. तेव्हां असा प्रश्न सोडविणें म्हणजे नवी माहिती मिळविण्याइतकेंच स्वतःचें एक न उच्चारलेलें गृहीत हुडकून काढणें होय.

चुकीचे पर्यायहि मोठे बोधप्रद असतात. पहिला मुद्द्याला स्पर्शच करीत नाहीं. दुसरा एका बाजूचें कारण सांगतो आणि दुसरीला वाऱ्यावर सोडतो. तिसऱ्यानें विरोध सुटण्याऐवजीं अधिकच घट्ट होतो. चौथा एक बाजूच नाकारतो. घरांतील किंवा सभेंतील कोणताहि वाद आठवावा. ह्या चारी जातींचीं उत्तरें तेथें हटकून सांपडतील. सून म्हणते कीं मला घरांत कोणी विचारीत नाहीं, आणि सासू म्हणते कीं तिच्यावांचून घरांतलें पान हलत नाहीं. बहुधा दोघींचेंहि खरें असतें. घरांतील सर्व कामें तिच्यावर आणि एकाहि निर्णयांत ती नाहीं, एवढें ध्यानांत घेतलें कीं उलगडा होतो. परंतु ऐकणारा बहुधा दोघींपैकीं एकीला खोटी ठरवून मोकळा होतो.

ही विचारपद्धति पाश्चात्त्य परीक्षकांनीं नव्यानें शोधून काढली, असें मात्र कोणी समजूं नये. आपल्याकडील मीमांसकांनीं हिला ज्ञानाच्या एका स्वतंत्र साधनाची पदवी दिली असून तिचें नांव अर्थापत्ति असें आहे. त्यांचा लठ्ठ देवदत्त तर प्रसिद्धच आहे. देवदत्त अंगानें पुष्ट आहे; देवदत्त दिवसा जेवत नाहीं; दोन्ही गोष्टी निश्चित. अन्नावांचून पुष्टता यावयाची नाहीं. तेव्हां तो रात्रीं जेवत असला पाहिजे. नैयायिकांनीं अर्थापत्तीला निराळें प्रमाण मानण्याचें नाकारून तिचा अनुमानांत समावेश केला, आणि ह्या प्रश्नावर दोन्ही पक्षांत दीर्घ वाद झाला. त्या वादांत शिरण्याचें येथें कारण नाहीं. परंतु मीमांसकांची एक अट मात्र फार महत्त्वाची आहे. कल्पिलेली गोष्ट केवळ विरोध मिटविणारी असून भागत नाहीं. तिच्यावांचून दुसऱ्या कोणत्याहि प्रकारें तो विरोध मिटूं नये, अशी ती असावी लागते. हिलाच ते अन्यथानुपपत्ति म्हणतात.

परीक्षेंतील प्रश्न आणि अर्थापत्ति ह्यांच्यांतील भेद तो हाच. परीक्षक म्हणतो, हें विधान खरें मानल्यास उलगडा होतो काय? तें खरें आहे कीं नाहीं, ह्याची चौकशी तो करीत नाहीं. तेथें संभव पुरतो. जीवनांत निश्चय लागतो. माझ्या शेजारच्या मुलीनें नेमकें ह्याच सांध्यावर बोट ठेविलें होतें. अवघड रोगी पहिल्याकडे जात असतील, हें संभवनीय खरें; पण जातात काय, हें पाहण्यासाठीं पुस्तक मिटून रुग्णालयांतच जावें लागेल. तेव्हां आपणहि आतां कल्पनेंतील शस्त्रवैद्य सोडून एका खऱ्या रुग्णालयांत जाऊं.

१८४६ सालीं व्हिएन्ना येथील मोठ्या सार्वजनिक रुग्णालयांत इग्नाझ सेमेलवाइस नांवाचा एक तरुण हंगेरियन डॉक्टर प्रसूतिविभागांत साहाय्यक म्हणून रुजू झाला. तेथें प्रसूतीचे दोन विभाग होते. पहिल्यांत वैद्यकाचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यांत सुइणी शिकत. विद्या आणि विद्वान पहिल्यांत अधिक. परंतु १८४१ ते १८४६ ह्या सहा वर्षांत पहिल्या विभागांतील बाळंतिणींच्या मृत्यूचें प्रमाण शेंकडा सुमारें १० पडलें, आणि दुसऱ्यांत तें ४ च्याहि खालीं राहिलें. ह्याचें मुख्य कारण बाळंतज्वर. शहरांतील गोरगरीब बायकांना ही गोष्ट ठाऊक होती. पहिल्या विभागांत नेऊं नका, म्हणून त्या गुडघे टेकून विनवीत. कित्येक स्त्रिया रुग्णालयांत पोंचण्यापूर्वीं रस्त्यांतच प्रसूत होत. आणि नवल असें कीं, त्यांच्यांतहि हा ताप त्या मानानें विरळाच असे.

आमचा पांचवा पर्याय येथें लावून पहावा. अवघड बाळंतपणें विद्वानांकडे जात असतील! उत्तर किती समाधानकारक आहे! परीक्षेंत त्याला पुरा गुण मिळाला असता. परंतु व्हिएन्नांत तें खोटें होतें. स्त्रियांची भरती वारांप्रमाणें आळीपाळीनें होई. एके दिवशीं ह्या विभागांत, दुसऱ्या दिवशीं त्या विभागांत. बाळंतपण अवघड कीं सोपें, हें पाहून कोणी कोणाला पाठवीत नसे. गर्दीमुळें म्हणावें, तर गर्दी दुसऱ्या विभागांतच अधिक. हवेमुळें म्हणावें, तर हवा दोहोंची एकच. मरणोन्मुख रुग्णाकडे जाणाऱ्या धर्मोपदेशकाच्या घंटेनें बायका धास्तावतात, असें एक मत होतें. सेमेलवाइसनें ती घंटा बंद करवून त्याची वाट बदलविली. मृत्यु थांबले नाहींत. प्रसूतीच्या वेळीं स्त्रीला निजविण्याची रीत बदलून पाहिली; तरीहि नाहीं. एकेक कल्पना त्यानें घेतली आणि ती कसाला लावून टाकून दिली.

१८४७ च्या मार्चमध्यें त्याचा स्नेही कोलेच्का, जो न्यायवैद्यकाचा अध्यापक होता, शवविच्छेदनाच्या वेळीं विद्यार्थ्याच्या हातांतील सुरी लागून आजारी पडला आणि मरण पावला. त्याच्या शरीरांत जीं चिन्हें आढळलीं, तीं बाळंतज्वरानें दगावलेल्या स्त्रियांच्या शरीरांतील चिन्हांसारखींच होतीं. सेमेलवाइसच्या डोळ्यांपुढें तिसरी गोष्ट उभी राहिली. पहिल्या विभागांतील डॉक्टर आणि विद्यार्थी शवविच्छेदनाच्या खोलींतून थेट बाळंतिणीच्या खाटेशीं येत. सुइणी शवांना हात लावीत नसत. मरण हातांतून जात होतें. जंतूंचें शास्त्र तेव्हां जन्मास यावयाचें होतें. तरीहि मे महिन्यांत त्यानें दंडक घातला कीं, क्लोरिनयुक्त द्रवानें हात धुतल्यावांचून कोणीं रुग्णाला स्पर्श करूं नये. एप्रिलमध्यें शेंकडा १८ वर गेलेलें मृत्यूचें प्रमाण जूनमध्यें अडीचाच्या आंत आलें, आणि १८४८ सालीं दोन्ही विभागांचें प्रमाण जवळजवळ सारखें, शेंकडा सव्वाच्या आसपास, झालें.

ह्या कथेचें मर्म तिच्या शेवटांत आहे. सेमेलवाइस स्वतः शवविच्छेदनांत अत्यंत परिश्रमी होता. जितका अभ्यास अधिक, तितके बळी अधिक, हा निष्कर्ष प्रथम त्याच्याच अंगावर येत होता. आणि पुढें १८६१ सालीं लिहिलेल्या ग्रंथांत त्यानें तो आपल्यापुरताहि लपविला नाहीं. त्याच्या समव्यवसायांपैकीं पुष्कळांना मात्र हा उलगडा मानवला नाहीं. त्यांच्या आक्षेपांत कांहीं शास्त्रीयहि होते. परंतु सद्हेतूनें आणि विद्येनें पवित्र झालेला आपला हातच घातक आहे, हें मान्य करणें ही तर्काची अडचण नव्हती, मनाची होती. १८६५ सालीं वेड्यांच्या रुग्णालयांत सेमेलवाइसचा अंत झाला.

दुसरें उदाहरण आपल्याच देशांतील आहे. १९४३ सालीं बंगालमध्यें जो दुष्काळ पडला, त्यांत किती माणसें मेलीं ह्याविषयीं अंदाज निरनिराळे आहेत. सरकारनें नेमलेल्या चौकशी मंडळाचा १५ लाखांचा अंदाज हा त्यांतील बेताचा, आणि इतर कांहीं अंदाज ३० लाखांपर्यंत जातात. माणसें भुकेनें मेलीं, त्या अर्थीं धान्य नव्हतें, असें आपण सहज म्हणतों. परंतु अमर्त्य सेन ह्यांनीं १९८१ सालच्या आपल्या ग्रंथांत जो हिशेब मांडला, त्याप्रमाणें १९४३ सालीं बंगालमधील धान्याचा पुरवठा मागील पांच वर्षांच्या सरासरीपेक्षां सुमारें ५ टक्केच कमी होता, आणि १९४१ च्या मानानें तर तो १३ टक्के अधिक होता. १९४१ सालीं दुष्काळ नव्हता. धान्य अधिक आणि उपासमारहि अधिक, असा हा विरोध. येथेंहि एक गृहीत झांकलेलें आहे: देशांत धान्य असलें म्हणजे तें माणसाच्या पोटांत जातें. प्रत्यक्षांत युद्धखर्चामुळें तांदळाचे भाव भडकले, शेतमजुरांची मजुरी त्या मानानें वाढली नाहीं, आणि कलकत्ता शहराला धान्य पुरविण्याची तजवीज होत असतांना खेड्यांतील मजूर, कोळी व कारागीर ह्यांच्या हातांत तें विकत घेण्याचें सामर्थ्य उरलें नाहीं.

सेन ह्यांचा हिशेब सर्वांनाच मान्य आहे असें नाहीं. पिकाचे मूळ आकडेच भरंवशाचे नाहींत, भातावर पडलेल्या रोगामुळें प्रत्यक्ष तूट पुष्कळ मोठी असावी, असें कांहीं अभ्यासक म्हणतात. म्हणजे माझ्या शेजारच्या मुलीचा चौथा पर्याय येथें अद्याप जिवंत आहे. परंतु हे अभ्यासक आकडा गैरसोयीचा म्हणून तो नाकारीत नाहींत. पीक, पाऊस आणि रोग ह्यांचीं टिपणें तपासून नाकारतात. नोंद खोटी म्हणण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. मात्र ती खरी म्हणणारानें जेवढे कष्ट घेतले, तेवढे कष्ट घेऊन तो मिळवावा लागतो.

ह्याच्या उलट बाजूचा दाखला आमच्या महाराष्ट्रांत घडला. १९७० पासून लागोपाठ तीन वर्षें पावसानें दगा दिला, आणि १९७२-७३ सालीं धान्याचें उत्पादन निम्म्यावर येऊन ठेपलें. बंगालच्या मानानें येथें तूट कितीतरी मोठी. पण बंगालमधील संहार येथें झाला नाहीं. गुरें दगावलीं, विहिरी आटल्या, माणसांचे हाल झाले, हें खरेंच. आमच्या लहानपणीं घरांतील वडील मंडळी ‘बाहत्तरचा दुष्काळ’ म्हणतांना आवाज खालीं आणीत. परंतु गांवोगांव दुष्काळी कामें निघालीं. खडी फोडणें, रस्ते बांधणें, तलाव खोदणें ह्या कामांवर १९७३ च्या उन्हाळ्यांत सुमारें ५० लाख माणसें होतीं. हातांत मजुरी आली, म्हणून बाहेरून आलेलें धान्य पोटापर्यंत पोंचलें. ह्याच अनुभवांतून पुढें १९७७ सालचा रोजगार हमीचा कायदा झाला. बंगालचा उलगडा ज्या गोष्टीनें होतो, तिनेंच महाराष्ट्राचाहि होतो; आणि एकच किल्ली दोन उलट्या कुलपांना लागली, म्हणजे ती खरी असण्याचा संभव फार वाढतो.

दूरच्या उदाहरणांवर शहाणपण सांगणें सोपें असतें. म्हणून एक उदाहरण माझ्या स्वतःच्या वर्गांतलें देतों. तें देतांना मला बरें वाटत नाहीं. सुमारें पंधरा वर्षांपूर्वीं माझ्या सकाळच्या तासाला एक विद्यार्थी नियमानें येई आणि नियमानें झोंपे. पहिल्या तासाची घंटा होण्यापूर्वींच तो भिंतीजवळच्या बाकावर येऊन बसलेला असे. हजेरी झाली कीं दहाव्या मिनिटाला त्याची मान पुढें पडे. मुलें हंसत. मला तो माझा अपमान वाटे. हजेरीपुरता येतो, अशी मीं माझी समजूत करून घेतली, आणि झोंपलेला विद्यार्थी हजर नव्हे असें म्हणून त्याची गैरहजेरी मांडूं लागलों. वर्षाअखेर हजेरी कमी भरली, आणि त्याला परीक्षेस बसतां आलें नाहीं.

महाविद्यालय सोडल्याचा दाखला घेण्यासाठीं तो आला, तेव्हां मीं विचारलें, “वर्गांत झोंपायचेंच होतें, तर येत कशाला होतास?” तो म्हणाला, “सर, मी रात्रपाळी करतों. सुटल्यावर घरीं गेलों, तर झोंप लागून कॉलेज बुडेल, म्हणून कारखान्यांतून सरळ इकडे येत होतों.” त्याच्या स्वरांत तक्रार नव्हती, आणि तीच मला अधिक लागली. दाखला घेऊन त्यानें नमस्कार केला आणि तो गेला. पुढें त्याचें काय झालें, मला कळलें नाहीं.

दोन गोष्टी माझ्यापुढें वर्षभर होत्या: हा रोज येतो, हा रोज झोंपतो. ज्याला गोडी नाहीं तो घंटेपूर्वीं येणार नाहीं, आणि ज्याला गोडी आहे तो झोंपणार नाहीं. विरोध स्पष्ट होता. जो दिवसा झोंपतो तो रात्रीं जागत असला पाहिजे, हा तर अर्थापत्तीचा पहिला धडा. आणि तो धडा मीं त्याच वर्गांत, बहुधा तो झोंपलेला असतांनाच, शिकविला होता. मला तर्क येत नव्हता असें नाहीं. मला हवें तें उत्तर आधींच मिळालें होतें, म्हणून तर्काला मीं हांकच मारली नाहीं. एक प्रश्न विचारला असता तर अर्ध्या मिनिटांत उलगडा होता; पण त्या उलगड्यांत माझा अपमान नाहींसा झाला असता, आणि माणसाला आपला अपमानहि कधीं कधीं प्रिय असतो.

येथपर्यंत आपण दोन सत्य गोष्टींतील विरोधाचा विचार केला. परंतु विरोधाची आणखी एक जात आहे, आणि तिच्या बाबतींत उलगड्याची बुद्धि हीच घातक ठरते. तो म्हणजे उक्ति आणि कृति ह्यांच्यांतील विरोध. सर्वांच्या ठायीं एकच आत्मा आहे असें एका तोंडानें म्हणावयाचें, आणि त्याच माणसांपैकीं कांहींना सार्वजनिक तळ्यावरचें पाणी घेऊं द्यावयाचें नाहीं. हा विरोध आपल्या समाजानें शतकानुशतकें सांभाळला. त्याचा परिहार करणाऱ्या पंडितांची वाण कधींच पडली नाहीं. पूर्वजन्मींचें कर्म हें तिसरें विधान मध्यें घातलें कीं दोन्ही टोकें बिनबोभाट जुळत. परीक्षेच्या दृष्टीनें तो पर्याय निर्दोष होता! २० मार्च १९२७ रोजीं महाडच्या चवदार तळ्याचें पाणी डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहस्रावधि अनुयायी प्याले, तेव्हां त्यांनीं नवें स्पष्टीकरण पुढें केलें नाहीं. विरोधाची एक बाजूच कृतीनें मोडून काढली. पुढें २५ नोव्हेंबर १९४९ रोजीं घटना समितींत बोलतांना त्यांनीं देशाला इशारा दिला कीं, राज्यघटना अमलांत येईल त्या दिवसापासून राजकारणांत समता आणि सामाजिक व आर्थिक जीवनांत विषमता अशा विसंगतीच्या आयुष्यांत आपण प्रवेश करीत आहों; ती विसंगति लवकर दूर केली नाहीं, तर जे तिचे चटके सोसतात तेच ही लोकशाहीची इमारत उध्वस्त करतील. त्यांनीं तिचा उलगडा मागितला नाहीं, ती दूर करण्यास सांगितलें. आणि ह्या दोन मागण्यांत जमीनअस्मानाचें अंतर आहे.

नीट पाहिलें तर पहिल्या जातीच्या विरोधाचा परिहारहि शेवटीं कृतींतच पुरा होतो. सेमेलवाइसचें स्पष्टीकरण हात धुतल्यावर पुरें झालें. त्यापूर्वीं तें एक मत होतें. भुकेचा उलगडा कामावर मजुरी देऊन पुरा झाला. माझ्या विद्यार्थ्याच्या बाबतींत उलगडा झाला, पण कृतीची वेळ निघून गेली होती. म्हणून त्या उलगड्याला मी आजहि ज्ञान म्हणत नाहीं, पश्चात्ताप म्हणतों.

तेव्हां त्या मुलीच्या प्रश्नाला माझें उत्तर असें. परीक्षेंत दोन्ही गोष्टी खऱ्या मानण्याची शिस्त पाळावी. ती मोठी उपकारक शिस्त आहे, कारण गैरसोयीचें सत्य फेकून देण्याची आपली सहजप्रवृत्ति ती रोखते. परंतु परीक्षेच्या खोलींतून बाहेर पडतांना दुसरी एक शिस्त अंगीं बाणवावी. उलगडा सुचला कीं थांबूं नये. त्याला विचारावें, तूं दोन्ही बाजू सांभाळतोस काय? तुझ्यावांचून दुसऱ्या कोणत्या मार्गानें हें घडूं शकलें असतें? आणि शेवटीं, तूं कोणाच्या सोयीचा आहेस? जो परिहार आपल्याला निर्दोष ठरवून जातो, त्याची तपासणी दुप्पट कसोशीनें करावी. नामांकित शस्त्रवैद्याकडे अवघड रोगी जातात, हें खरेंहि असेल. पण तें जर त्या शस्त्रवैद्यानेंच सांगितलें असेल, तर रुग्णालयाचें पुस्तक एकदां उघडून पहावें.

हें सारें मीं तिला पुढें सांगितलें, तोंवर तिची परीक्षा होऊन गेली होती. जाण्यापूर्वीं तिनें तें प्रश्नांचें पुस्तक माझ्याकडे ठेविलें. दुसऱ्या कोणाला उपयोगीं पडेल म्हणाली. चाळून पाहतों तों विरोधाभासाच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरें तिनें बरोबर दिलीं होतीं, आणि पुष्कळ ठिकाणीं त्या बरोबर उत्तराशेजारीं समासांत पेन्सिलीनें एकच शब्द लिहिला होता: “कशावरून?”